तिसऱ्या वळणावरचा शेरा

सेक्टर सहा, आर. के. पुरम, नवी दिल्ली
रविवार, ६ जुलै २०२५

ती. ताई,

लांबूनच पायांवर डोकं ठेवतो. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला ते सांगतो, आणि वाचून तू हसणार हेही मला ठाऊक आहे. मी सध्या शर्यतीच्या मोटारी चालवतो.

घाबरू नकोस, टीव्हीवर. मे महिन्यात गुवाहाटीला बदलीवर जाताना सुधन्वारावांनी त्यांचं गेमचं यंत्र इथेच ठेवलं आणि तिकडे स्वतःसाठी दुसरं घेतलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी हॉलमधल्या टेबलाला स्टिअरिंगचं चाक आवळून बसवलं, खाली पेडल ठेवली आणि मला म्हणाले, "बाबा, दर रविवारी सकाळी दहाला तुम्ही इथून बसा, मी तिकडून बसतो. आपण दोघं एकाच टीममध्ये." मी छत्तीस वर्षं सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून ऑफिसला स्कूटरने गेलो, मोटारीच्या चाकाला कधी हात लावला नाही. पण जावई एवढ्या हौसेने सांगतो म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?

गेम साधासुधा नाही. डबीवर 'अधिकृत' असं छापलं आहे. शर्यती भरवणाऱ्यांकडून रीतसर परवाना घेऊन केलेला, त्यामुळे टीम खऱ्या, ट्रॅक खरे, नियमही खरे. यंदाच्या वेळापत्रकात जे नाही ते गेममध्येही नाही. आपल्या ग्रेटर नोएडाचा ट्रॅक पूर्वी कधी एका गेममध्ये होता म्हणे, पण तिथली शर्यत बंद झाली आणि तो गेला. ट्रॅक जागेवर उभा आहे, तासाभरात जाऊन हात लावून येता येईल, पण गेमच्या लेखी तो नाहीच. सगळी नोकरी मंत्रालयात झाल्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटलं.

आजवर आठ शर्यती झाल्या. वीस गाड्यांत मी दर वेळी विसावा आणि सुधन्वाराव एकोणिसावे. त्याचं असं होतं, की ते मागून आले की मी बाजूला होऊन वेग कमी करतो. जावयाला मागे टाकून पुढे कसं जायचं? आणि मी मागे राहिलो की ते थांबतात, कारण सासऱ्याला मागे टाकणं त्यांना बरं दिसत नाही. गेममध्ये एक इंजिनिअर साहेब इंग्रजीत कानाशी बोलत असतात. ते सारखे सांगतात की तुम्ही दोघं मोकळेपणाने शर्यत करू शकता. मागच्या रविवारी आम्ही दोघंही एकमेकांसाठी रस्त्यात उभे राहिलो तेव्हा त्यांनी विचारलं की गाडीत काही बिघाड आहे का. एकमेकांशी बोलायचीही सोय आहे, कानाला यंत्र लावून. पण ते मी घेतलं नाही. जावयाशी एवढं काय बोलायचं?

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. दर रविवारी बरोबर दहाला देवयानी पर्स घेऊन सरोजिनी नगरच्या मार्केटला जाते आणि बाराला रिकाम्या हातांनी परत येते. ताई, सरोजिनी नगरहून रिकाम्या हातांनी आलेली बाई मी आजवर पाहिलेली नाही. आणि हेही सांगतो, दोन महिन्यांत सुधन्वारावांचा पोरीला एकदाही फोन आलेला मला तरी ऐकू आला नाही.

तुझा,
शांताराम


मिरज
१५ जुलै २०२५

शांताराम,

भरपूर आशीर्वाद. हसले, शेजारच्या कुमुदलाही वाचून दाखवलं, तीही हसली. शेवटचा परिच्छेद मात्र तिला दाखवला नाही.

फोनवर मला आता शब्द लागत नाहीत, आणि तो चपटा फोन मी देवयानीला परत पाठवला आहे, म्हणून पत्रातच विचारते आणि उत्तर पत्रातच हवं. त्या दोघांचं काही बिनसलंय का? सुधन्वा माझ्या वर्गात तीन वर्षं गणित शिकला. स्थळ मी आणलं. तू तेव्हा 'पाहू' म्हणाला होतास, आठवतं? तू आयुष्यात हो किंवा नाही म्हटलेलं मला आठवत नाही. वैजयंती होती तेव्हा एकदा मला म्हणाली होती, "वन्सं, ह्यांच्याशी भांडायला गेलं की हे प्रकरण विचाराधीन ठेवतात." तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो.

त्यामुळे आता विचाराधीन ठेवू नकोस. पोरीला समोर बसवून विचार. दोन महिने नवराबायको बोलत नाहीत आणि तू घरात बसून जावयाला रस्ता देतो आहेस, हे काही मला बरं लक्षण वाटत नाही. ती जोडी मी जमवली आहे. मोडली तर मला ह्या वयात ते झेपणार नाही, हे तुला सरळच सांगते.

ताई


आर. के. पुरम
सोमवार, २८ जुलै २०२५

ती. ताई,

विचारलं. सकाळी चहाच्या वेळी विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" ती म्हणाली, "बिल्कुल ठीक है बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका." मला हायसं वाटलं. संध्याकाळी कपडे वाळत घालता घालता तिने मला पाठमोरीच विचारलं, "समजा इथे आपण दोघंच राहिलो, तर तुम्हाला चालेल ना?"

मी काय म्हणालो असेन ते तुला माहीत आहे. पाहू म्हणालो.

त्यानंतर मी त्यांच्या खोलीत पंख्याची वायर बघायला गेलो होतो. सुधन्वारावांचे स्वेटर, कोट, मफलर सगळं एका खोक्यात भरून वर चिठ्ठी लावली आहे: 'सुधन्वा, हिवाळा.' दिल्लीत हिवाळ्याचे कपडे उन्हाळ्यात सगळेच बांधून ठेवतात, पण त्यावर नाव लिहून कोण ठेवतं? ते पाठवायचं आहे की ठेवायचं आहे, हे मला कळलं नाही. खोक्याला चिकटपट्टी लावलेली नाही, एवढं पाहून आलो.

एप्रिलमध्ये त्यांच्यात काहीतरी झालं होतं. आवाज असा फक्त देवयानीचाच येत होता. "जायचं तर जा ना मग!" असं ती म्हणाली आणि मग ते खरंच गेले. बदली टाळता येत होती की नव्हती, हे मी विचारलं नाही. जावयाच्या नोकरीत कसं लक्ष घालायचं?

दुसरी बातमी माझ्या डोळ्याची. सोमवारी ४ ऑगस्टला उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढणार आहेत. डॉक्टरांनी बजावलं आहे की तीन आठवडे टीव्ही नाही, स्क्रीन नाही, वाकायचं नाही. म्हणजे १०, १७ आणि २४ ऑगस्टच्या शर्यती बुडणार. सुधन्वारावांना मी कळवणार होतो, पण देवयानी म्हणाली, "मी कळवते त्याला." ती आपणहून कळवते म्हणाली, हे मला चांगलंच वाटलं.

तुझा,
शांताराम


गुवाहाटी
१८ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाई,

नमस्कार. तुम्हाला पत्र लिहायला बसलो की अजून समास सोडतो. एका गोष्टीचा उलगडा होत नाही, आणि विचारावं असं तुमच्याखेरीज कुणी नाही.

बाबा माझ्यावर रागावले आहेत का?

तुम्हाला त्यांनी आमच्या रविवारच्या शर्यतींबद्दल लिहिलं असेल. बारा शर्यती आम्ही खेळलो, आणि बाराही वेळा ते माझी गाडी दिसली की रस्ता सोडून गवतात जायचे. मीही त्यांच्यासाठी थांबायचो. आमची टीम तळाला आहे, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगू का, रविवारी दहाला त्या हॉलमध्ये निदान माझी गाडी तरी जात होती.

१० ऑगस्टला त्यांनी मला मागून ठोकलं. चुकून झालं असेल म्हणून मी बाजूला झालो, तर ते पुढे जाऊन थांबले, मला येऊ दिलं, आणि पुन्हा ठोकलं. काल तर तीन वेळा. दोन्ही रविवारी ट्रॅक वेगळा होता, पण सुरुवात नेमकी तिसऱ्या वळणावर. पंचांनी त्यांना दंड केला, तरी फरक नाही. बाई, ज्या माणसाने छत्तीस वर्षांत स्कूटरचा हॉर्न कारणाशिवाय वाजवला नाही, तो असा चालवतो म्हणजे त्यांना सगळं कळलं असणार.

सगळं म्हणजे असं. गुवाहाटीची बदली मला नाकारता येत होती. मी देवयानीला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, तुला काय वाटतं ते सांग. मी म्हणालो, तुला हवं तसं करू. मग ती खूप बोलली आणि शेवटी म्हणाली, जायचं तर जा. तिचं तेच मत आहे असं समजून मी आलो. निघताना ती म्हणाली, "तुझ्याशी धड भांडताही येत नाही." सात वर्षांत मी तिचा एकही शब्द खाली पडू दिला नाही, तरी ती असं का म्हणाली, ते मला अजून कळलेलं नाही. मेपासून फोन बंद आहे. मी केला नाही, कारण तिला नको असेल. तिनेही केला नाही.

आता १५ सप्टेंबरपर्यंत मला ऑफिसात लेखी कळवायचं आहे: दिल्लीला परत, की इथेच तीन वर्षं. बाबांनाही मी नको असेन, तर तीन वर्षांवर सही करतो. सगळेच मोकळे होतील. तुम्ही सांगाल तसं करतो.

तुमचा विद्यार्थी,
सुधन्वा


मिरज
२३ ऑगस्ट २०२५

शांताराम,

आशीर्वाद नंतर, आधी बोलणी खा.

डॉक्टरांनी डोळा झाकायला सांगितला होता की जावयाला धडका मारायला? मला सगळं कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नकोस. १० तारखेला ठोकलंस, १७ ला तीनदा ठोकलंस, आणि ते ऑपरेशनला आठवडा झालेला असताना! बहात्तर वर्षांचा झालास. डोळा गेला म्हणजे? आणि तुला राग आला असेल तर तो तोंडाने सांगायचा. जन्मभर कुणाला राग दाखवला नाहीस आणि आता दाखवलास तो टीव्हीतल्या मोटारीतून, आणि तोही त्या गरीब पोरावर.

तो खचला आहे. १५ सप्टेंबरला त्याला दिल्ली की गुवाहाटी ते लिहून द्यायचं आहे, आणि तुझ्या धडका मोजून तो गुवाहाटीकडे झुकला आहे. पत्र मिळताच काय ते मला कळव. हे देवयानीला दाखवू नकोस. गणपतीत मोदक जपून खा, वाकून नैवेद्य दाखवू नकोस.

ताई


आर. के. पुरम
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

ती. ताई,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं, एकदा जुन्या डोळ्याने आणि दोनदा नव्याने. मला त्यातलं काहीही समजलं नाही.

वैजयंतीची शपथ घेऊन सांगतो, ४ ऑगस्टपासून २५ ऑगस्टपर्यंत मी त्या यंत्राला हात लावलेला नाही. मी आतल्या खोलीत हिरवा चष्मा लावून पडून होतो. रविवारी सकाळी हॉलमधून मोटारींचा आवाज यायचा. मी हाक मारून विचारलं तर देवयानी म्हणाली, "काही नाही बाबा, मशीन अपडेट होतंय." तिन्ही रविवारी तासभर अपडेट झालं. मध्येच ती "अरे यार!" असं ओरडायची, बहुतेक नेट नीट चालत नसेल.

आज मी महिन्याभराने बसलो, आणि बसल्याबसल्या पडद्यावरची माझी नोंद वाचून घामच फुटला. माझ्या नावावर सात वॉर्निंग, 'धोकादायक ड्रायव्हिंग' असा शेरा चार वेळा, आणि या शर्यतीला सुरुवातीची जागा तीनने मागे! आधीच मी विसावा, अजून मागे कुठे जाणार? ताई, छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला एक मेमो मिळाला नाही. गोपनीय अहवालात एकदा 'सावकाश' असं लिहिलं होतं, तेवढंच. हा कुणाचा घरगुती खेळ असता तर मी सोडून दिलं असतं. पण हा अधिकृत आहे. इथला शेरा म्हणजे शेरा. माझ्या गैरहजेरीत हे कसं घडलं याबद्दल मी लेखी निवेदन तयार करतो आहे, पण ते कुणाला पाठवायचं हे डबीवर दिलेलं नाही.

सुधन्वाराव आज माझ्यापासून इतके लांब राहिले की मला त्यांची गाडी धड दिसलीही नाही. मला फार वाईट वाटलं. आणखी एक नवल म्हणजे देवयानी आज मार्केटला गेली नाही. माझ्या खुर्चीमागे उभी होती आणि म्हणाली, "बाबा, ब्रेक इतका लवकर नका लावू. दुसरं वळण सोडून द्या, तिसऱ्याला आत घुसा." मी विचारलं, तुला गं कसं कळतं? तर म्हणाली, "सात वर्षं सोफ्यावर बसून पाहतेय." मी समजत होतो ती पेपर वाचते.

गणपती नीट पार पडले. मोदक फुटले. उकड दर वर्षी सुधन्वाराव काढायचे ना. देवयानीने फुटलेले मोदक ताटात मांडले, त्यांच्याकडे बघत बसली आणि मग आत निघून गेली. १५ तारखेचं तू लिहिलंस ते मला माहीतच नव्हतं. तिला माहीत आहे का? मी विचारू का? मला या घरात काय चाललं आहे तेच कळेनासं झालं आहे.

तुझा,
शांताराम


मिरज
शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

सुधन्वा,

आशीर्वाद. आज शिक्षक दिन, म्हणून तुला एक उदाहरण घालते. नेहमीसारखं घाई न करता सोडव.

शांतारामच्या डोळ्याचं ऑपरेशन ४ ऑगस्टला झालं. २५ पर्यंत तो आतल्या खोलीत पडून होता. तुला हे कळवायचं काम देवयानीने स्वतःकडे घेतलं होतं आणि तिने ते केलं नाही. त्या घरात माणसं दोन. एकाचे डोळे बंद. तर १० आणि १७ ऑगस्टला तुला कोणी ठोकलं?

तू पुन्हा 'तुम्ही सांगाल तसं' म्हणशील, म्हणून उत्तरही लिहिते. देवयानीने. मीही आधी शांतारामवर ओरडले. त्याचं पत्र आलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो बिचारा अजून समजतो आहे की यंत्र अपडेट होत होतं.

आता तिने असं का केलं ते ऐक. तू तिचा एकही शब्द खाली पडू दिला नाहीस असं मोठ्या अभिमानाने लिहिलं आहेस. अरे, तिला तो शब्द कुणीतरी अडवायला हवा होता. "जा" म्हणाली तेव्हा तू "नाही जात" म्हणशील म्हणून ती म्हणाली. तू बॅग भरलीस. तू थांबावंस असं तिला वाटत होतं, आणि तुला थांबायचं होतं की नव्हतं हे तिला अजून माहीत नाही, कारण तू ते एकदाही बोलला नाहीस. हे मला इथे मिरजेत बसून कसं कळलं? मी तिच्या आईची नणंद. तिच्या बापाशी चाळीस वर्षं भांडता न आलेली बाई मी जवळून पाहिली आहे. वैजयंती कुरकुर न करता गेली, आणि लोक म्हणतात, किती सुखाचा संसार. मला नाही तसं वाटत. मी हे शांतारामला कधी सांगितलं नाही, कारण आता त्याला सांगून काय उपयोग? तुला मात्र उपयोग आहे.

हे पत्र दहा-अकरापर्यंत तुला मिळेल. रविवारी चौदाला तू यंत्रापाशी बस. शांताराम असेल तर नेहमीसारखा वाग. पण तिसऱ्या वळणावर धडक बसली, तर बाजूला होऊ नकोस. समजलं? आणि त्यानंतर फोन कर. तिला काय हवं ते विचारायला नाही. तुला काय हवं ते सांगायला.

काय हवं ते ठरवायला तुला तीन दिवस आहेत. परीक्षेत यापेक्षा कमी वेळ द्यायचे मी.

बाई


आर. के. पुरम
रविवार, १४ सप्टेंबर २०२५, दुपारी

ती. ताई,

आज जे पाहिलं ते जसं घडलं तसं लिहितो. अर्थ तू लाव.

गेल्या रविवारी देवयानीने डोळ्याला अजून एक आठवडा आराम हवा म्हणून मला आतच झोपवलं होतं, आणि यंत्र पुन्हा अपडेट झालं. आज सकाळी म्हणाली, "बाबा, कोपर्निकस मार्गाला जाऊन मिसळ खाऊन या. खूप दिवस गेला नाहीत." तिथल्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनाची मिसळ म्हटल्यावर मी निघालो. मेट्रो स्टेशनवर गेलो तेव्हा लक्षात आलं की हिरवा चष्मा विसरला. डॉक्टरांनी उन्हात त्याशिवाय फिरू नको म्हणून सांगितलं आहे, म्हणून परत आलो.

दार माझ्या किल्लीने उघडलं. ताई, माझ्या खुर्चीत देवयानी बसली होती! ओढणी कमरेला बांधलेली, दोन्ही हात चाकावर, आणि पडद्यावर माझं नाव. मी बूट न काढता तसाच दारात उभा राहिलो. तिला मागचं भान नव्हतं.

ते सात वॉर्निंगचं कोडं तिथे सुटलं. पण बाकी काहीच सुटलं नाही.

सुधन्वारावांची गाडी पुढे होती. ती त्यांच्या मागे लागली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि तिसऱ्यावर तिने त्यांना अशी धडक दिली की मी दाराची कडी धरली. एरवी ते गवतात गेले असते. आज नाही गेले. त्यांनी चाक फिरवून तिला परत ठोकलं. तिने पुन्हा ठोकलं. त्यांनी आणखी जोरात ठोकलं. दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून खडीत जाऊन रुतल्या, पुढची चाकं निखळली, आणि ते इंजिनिअर साहेब विचारायला लागले, तुम्ही ठीक आहात ना? देवयानी हात तसेच चाकावर ठेवून पडद्याकडे बघत राहिली. अगदी हळू म्हणाली, "आईशप्पथ. त्याने मारलं."

आणि तिचा फोन वाजला.

चार महिन्यांनी, ताई. मी मोजले आहेत. तिने उचलला आणि नमस्कार नाही, कसा आहेस नाही, एकदम ओरडली, "आंधळा आहेस का? आत माझी गाडी होती!" मग जे भांडण सुरू झालं ते एक तास चाळीस मिनिटं चाललं. आधी तिसऱ्या वळणाचं, मग एप्रिलचं, मग कुठल्याशा दिवाळीचं, मग फ्रिज कोणत्या रंगाचा घ्यायचा होता त्याचं. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. पण एवढं कळत होतं की पलीकडचा माणूसही गप्प नाही. सुधन्वाराव ओरडू शकतात हे मला आजच कळलं. देवयानी रडत होती, मध्येच हसत होती, एकदा तिने पायातली चप्पल काढून सोफ्यावर फेकली. मला वाटलं, आता सगळं संपलं. आत जाऊन तिच्या हातातून फोन घ्यावा, जावईबापूंची माफी मागावी, असं दोनदा मनात आलं. पण मी कडी सोडली नाही.

शेवटी ती म्हणाली, "उद्या काय लिहून देणार आहेस? आणि 'तुला हवं असेल तर' असं म्हणालास ना, तर फोन आपटीन मी, सांगून ठेवते."

मग ती ऐकत राहिली. मी दारातून तिचा चेहरा पाहत होतो. तिच्या आईचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नाही ताई, आणि हे लिहिताना मला फार लागतंय. वैजयंतीशी माझं एकदाही भांडण झालं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तिने कधी काही फेकलं नाही. फेकलं असतं तर मी काय केलं असतं? बाजूला झालो असतो.

"हां," देवयानी म्हणाली. "असं बोल ना. असं बोलायला काय झालं होतं तुला?" फोन ठेवून ती वळली आणि मला पाहून दचकली. "बाबा! मिसळ?" मी म्हणालो, चष्मा विसरलो. ती आत गेली आणि ते स्वेटरचं खोकं बाहेर घेऊन आली. वरची चिठ्ठी काढून म्हणाली, "हे जरा कपाटात वर ठेवायला मदत करा. नोव्हेंबरात लागेल त्याला."

मी अजून गोंधळलेलोच आहे. जे भांडले ते आता एकमेकांचे झाले, आणि इतके दिवस जे एकमेकांना रस्ता देत होते ते तुटायला आले होते, हे कसं, ते तू मला सावकाश समजावून लिही. तुझं यात काही अंग आहे का, तेही लिही. सुधन्वारावांनी तिला सांगितलं म्हणे की बाईंनी गणित घातलं होतं. मला त्यातलं काही कळलं नाही.

शर्यतीचा निकाल असा. दोन्ही गाड्या बाद, टीमला गुण शून्य, आणि धोकादायक ड्रायव्हिंगचा आणखी एक शेरा माझ्या नावावर. निवेदनाचा मसुदा तयार होता, चार पानं झाली होती. तो मी आताच फाडला. शेरा राहू दे माझ्या नावावर.

तुझा,
शांताराम